तळहातांवर बसणारा माणूस

आमचे सर खुर्चीवर बसायचे ते स्वतःच्या तळहातांवर. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले, खांदे थोडे वर आलेले. तासभर तसे बसून उठले की तळहातांवर खुर्चीच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे लाल वळ दिसायचे. मुलीच्या लग्नाच्या फोटोतही ते असेच आहेत. फोटोग्राफरने तीनदा सांगितलं, "काका, हात मांडीवर घ्या." त्यांनी घेतले, आणि फोटो निघायच्या आत पुन्हा खाली गेले.

त्यांनी पिंपळगाव बसवंतला मोबाइलवरचे खेळ बनवणारी कंपनी काढली होती. तिथे नियम एकच होता. खेळ बाहेर पडण्याआधी तो अशा माणसांना द्यायचा, ज्यांनी आयुष्यात खेळ खेळलेला नाही. काही सांगायचं नाही, मागे बसायचं आणि बघायचं. बोट दाखवायचा मोह सगळ्यांना होतो. सरांनाही व्हायचा, म्हणून ते हातांवर बसायचे.

मी आज कामगारांच्या संघटनेत पत्रकं लिहिते. हे कुठे शिकलीस, असं लोक विचारतात. व्हिडिओ गेमच्या कंपनीत, असं सांगितलं की हसतात. खुशाल हसा. नाशिककडे काही चांगलं बनलं की ते दुसऱ्या शहराच्या नावावर जातं आणि आपण माना डोलावतो, याची मला चीड आहे. म्हणून आधीच लिहून ठेवते: जगभर खेळला गेलेला तो टेम्पोचा खेळ पिंपळगावात बनला, एका पॅकहाउसच्या वरच्या मजल्यावर. खाली द्राक्षांच्या पेट्या भरल्या जात होत्या आणि द्राक्षं टिकावीत म्हणून पेट्यांत घालतात त्या सल्फरच्या कागदांचा वास जिन्यात होता.

सर मूळचे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातले. कंट्रोल रूममध्ये उमेदीची वर्षं गेली. तिथले जाड बूट ते खेळांच्या कंपनीतही घालायचे. जिन्यावर बूट वाजले की वरची इंजिनिअर मुलं मोबाइल खिशात टाकायची. "वीजकेंद्रात एक बटण कुठे असावं यावर चार शहाणी माणसं महिनाभर भांडतात," असं ते सांगायचे. "कारण उद्या तिथे उभा राहणारा माणूस घाबरलेला असणार. घाबरलेल्या माणसाला शहाणपण शिकवता येत नाही. बटण मात्र हलवता येतं." त्यांचं लाडकं वाक्य होतं, "बोट चुकत नाही, बटण चुकतं." हे ते रोज बोलायचे. मुलं पाठीमागे नक्कल करायची. त्यांना ते माहीत होतं.

त्यांच्याकडे लांबट रजिस्टर होतं. त्यात दोनच रकाने: 'कोण' आणि 'कुठे अडलं'. का अडलं याला रकाना नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "का ते शोधायचा पगार आपल्याला. त्यांनी फक्त अडायचं."

हा माणूस सगळंच तपासायचा. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा एक पत्रिका घेऊन थेट एसटी स्टँडवर गेले, तीन अनोळखी माणसांच्या हातात दिली आणि विचारलं, "या लग्नाला किती वाजता जाल?" तिघांनाही वेळ सापडली नाही. वेळ होती, पण तळाशी, वेलबुट्टीच्या आत. सगळ्या पत्रिका पुन्हा छापल्या. त्यांचे मेहुणे आजही त्यावरून टोमणे मारतात. एकदा बँकेत पैसे भरायची स्लिप लोक कुठे चुकवतात ते बघत ते इतका वेळ बाकावर बसले की वॉचमनने त्यांना बाहेर काढलं. बाहेर येऊन म्हणाले, "तिसऱ्या ओळीला अडतात सगळे. सांगायला हवं होतं मॅनेजरला."

मी त्यांच्याकडे कशी आले, तेही सांगते. आमचं गाव पेठकडचं, डोंगरातलं. भात झाला की आमची माणसं द्राक्षांच्या कामाला खाली उतरतात. मीही बारावीनंतर उतरले आणि पेट्या भरायला लागले. हंगाम संपला, पॅकहाउस रिकामं झालं, तेव्हा जिन्याखाली कागद लागला: 'खेळ खेळून बघायला माणसं पाहिजेत. रोजंदारी मिळेल.' मी वर जाऊन सरांना सरळ विचारलं, "ही फसवणूक तर नाही ना?"

ते रागावले नाहीत. रजिस्टर उघडून त्यांनी लिहिलं: 'पेठची मुलगी. जाहिरातीलाच अडली.' दुसऱ्या दिवशी कागद बदलला. मग विचारलं, "उद्यापासून येतेस?"

आम्ही अशी तेरा माणसं झालो. बहुतेक पॅकहाउसमधल्या बायका, आणि एक रशीदचाचा. चाचा हंगामात पेट्यांचा टेम्पो चालवायचे, एरवी कांद्याचा. गाडी भरेपर्यंत वर येऊन खेळायचे. सगळ्यांत मोठ्या होत्या मंजुळामावशी. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण पेटी हातात धरून तिच्यात किती माल आहे ते काट्याआधी सांगायच्या.

खेळ असा होता: टेम्पोत माल भरायचा आणि घाटातून न सांडता न्यायचा. कांद्याच्या गोण्या, द्राक्षांच्या पेट्या, पाण्याची पिंपं. पहिल्याच दिवशी मावशींनी फोन खाली ठेवला. "द्राक्षांवर कांद्याची गोणी ठेवू देतोय हा. मी नाय खेळत." इंजिनिअर मुलं हसली. सरांनी लिहून घेतलं. आठवड्याभरात खेळातली द्राक्षं दबायला लागली, रस गळायला लागला, आणि तोवर नुसता रचायचा तो खेळ अवघड आणि गमतीचा झाला.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहिते आहे, ती नंतरची. गाडी भरली की कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबायचं आणि टेम्पो सुटायचा. ते बटण निखिल नावाच्या मुलाने चार दिवस बसून केलं होतं. दाबलं की ते पाण्याच्या थेंबासारखं हलायचं. मावशींनी गाडी भरली, अगदी नीट, आणि थांबल्या. बटणाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही.

"आता काय करू?" त्यांनी विचारलं.

सर हातांवर बसलेले. म्हणाले, "आम्ही इथे नसतो तर काय केलं असतं?"

मावशींनी फोनवर, टेम्पोच्या कडेवर, बोटांनी दोन थापा मारल्या. थप, थप. आणि टेम्पो हलेना म्हणून फोनकडेच रागाने बघत बसल्या.

निखिल म्हणाला, "अहो मावशी, ते हिरवं..." सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

खिडकीत उभे असलेले रशीदचाचा म्हणाले, "बराबर तर आहे. थाप ऐकल्याशिवाय कुठला ड्रायव्हर गाडी हलवतो? एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मागचा माणूस थाप मारतो म्हणजे सांगतो, की सगळ्यांचे हात बाहेर आलेत, मागे कुणी नाही, जा. थाप नसेल तर एखाद्याचा हात चेंगरेल, बेटा."

सरांनी मांड्यांखालून हात काढले आणि आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग निखिलला म्हणाले, "बटण काढ."

"सर, चार दिवस घातलेत."

"बटण चुकलंय. काढ."

तीन दिवसांनी खेळात बटण नव्हतं. गाडी भरली की आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसायचा, वाट बघणारा, आणि टेम्पोच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या की गाडी निघायची. आवाज चाचांच्या टेम्पोच्या पत्र्याचा होता. पॅकहाउसच्या थंड खोलीच्या भिंती जाड. हंगाम नसताना तिथेच आवाज रेकॉर्ड व्हायचे. पत्रा आत नेता येईना म्हणून टेम्पोच मागे घेत दारात लावला होता.

खेळ चालला. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं, ज्यांनी कांद्याची गोणी पाहिलेली नाही, ती फोनला दोन थापा मारायला लागली. खेळाबद्दल कुणीही लिहिलं की त्या थापांबद्दल लिहायचं. मावशींना आम्ही सांगितलं तर म्हणाल्या, "त्यात काय, सगळेच मारतात." पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

मग बंगळुरूची मोठी कंपनी आली. तिला आमची कंपनी विकत हवी होती. मला त्यात वाईट वाटलं नाही. आपण केलेली वस्तू कुणाला तरी हवीशी वाटते, यात कमीपणा कसला? वाईट पुढे वाटलं. प्रत्येक खेळात शेवटी तो बनवणाऱ्यांच्या नावांची यादी असते. आमच्या खेळात ती अजून टाकायची होती. बैठकीत त्यांच्याकडचं कर्मचाऱ्यांचं खातं बघणारा एक मराठी अधिकारी होता, पुण्याचा. तो म्हणाला, "आमच्या नियमाप्रमाणे यादीत कायम कर्मचाऱ्यांचीच नावं येतात. टेस्टिंगवाले बाहेरचे लोक आहेत. रोजंदारीवरचे."

मी तिथेच होते, खेळ दाखवायला. मी सरांकडे पाहिलं. सर हातांवर बसलेले.

बैठक संपल्यावर मी त्यांना जिन्यात गाठलं. "सर, तुम्ही गप्प बसलात."

"बघत होतो. 'बाहेरचे लोक' म्हणताना तो अडला नाही. सरळ गेला पुढे. तिथे माणूस अडायला पाहिजे."

"मग बोलायचं होतं ना."

"बोलून कुणी अडत नाही," म्हणाले, आणि बूट वाजवत खाली गेले.

मला असा संताप आला की मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. मथळा होता 'अदृश्य श्रमाचे शोषण बंद करा', आणि खाली दोन पानं. दुसऱ्या परिच्छेदात सरांवर हल्ला होता: 'संचालकांचे मौन म्हणजे भांडवलाशी केलेली हातमिळवणी होय.' सकाळी ते त्यांच्याच टेबलावर आपटलं. म्हटलं, हे वाटणार आहे.

त्यांनी सावकाश वाचलं. "हातमिळवणी? माझे हात तर खाली होते," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "कुणाला वाचायला दिलंस?"

"वाटल्यावर वाचतील."

"न तपासता बाहेर काढणार?"

त्यांनी मावशींना आणि चाचांना बोलावलं. मावशींच्या हातात पत्रक दिलं. मला खुर्ची दाखवली, आणि शेजारी स्वतः बसले, हातांवर. स्वतःविरुद्धचं पत्रक तपासायला बसलेला दुसरा मालक मी अजून पाहिलेला नाही, आणि आता या कामात असल्याने मी पुष्कळ मालक पाहते.

मावशी वाचायला लागल्या. "अदृश्य... श्र... श्रमाचे..." थांबल्या. "हे कशाचं हाय, पोरी?"

मी तोंड उघडलं. सरांनी पाहिलं. मी तोंड मिटलं, आणि हात आपोआप मांड्यांखाली गेले. ती पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. मी जिच्यासाठी लिहिलं होतं ती बाई माझ्या ओळीओळीला ठेचकाळत होती आणि मला मदत करता येत नव्हती. शेवटी त्यांनी कागद चाचांकडे दिला. चाचांनी दोन्ही बाजू नजरेखालून घातल्या, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"बेटा," ते म्हणाले, "यात मंजुळाचं नाव कुठे आहे?"

नव्हतं. दोन पानं नावांसाठी भांडणारं माझं पत्रक, आणि त्यात तेरातलं एकही नाव नव्हतं. सरांनी रजिस्टर उघडून लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

त्या दिवशी मी ते पत्रक सहा वेळा लिहिलं आणि सहाही वेळा मावशींनी वाचलं. सहाव्या वेळी त्या कुठेही थांबल्या नाहीत. उरलं होतं ते एवढं:

'गाडी भरली की दोन थापा मारायच्या. ही गोष्ट मंजुळाबाईंनी दाखवली. आज ती जगभर चालते. खेळ बनवणाऱ्यांच्या यादीत मंजुळाबाईंचं नाव नाही. का?'

खाली तेरा नावं.

दुसऱ्या बैठकीला बंगळुरूहून खुद्द मोठे साहेब आले. सरांनी मावशींना, चाचांना आणि मला मुद्दाम आत बसवलं. पुण्याचा अधिकारी काही म्हणणार, एवढ्यात सरांनी मोठ्या साहेबांसमोर फोन ठेवला. "आधी एकदा खेळून बघा," हिंदीत म्हणाले, आणि बसले हातांवर.

साहेबांनी गाडी भरली. बरी भरली. मग थांबले. कोपऱ्यात बोट नेलं, दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, फोन तिरका केला. आरशातला ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत होता. तेव्हा आम्हाला कळलं, की हा माणूस जो खेळ विकत घ्यायला आला होता, तो त्याने एकदाही खेळला नव्हता. पुण्याचा अधिकारी खुर्चीत चुळबुळला. सर हलले नाहीत.

शेवटी साहेबांनी विचारलं, "स्टार्ट कहाँ है?"

"ज्यांनी केलंय त्यांना विचारा," सर म्हणाले.

साहेब सगळ्यांकडे बघायला लागले. मावशींना राहवलं नाही. "गाडी भर गयी ना साहेब? तो थाप मारो ना. दो. नहीं तो ड्रायव्हर को कैसा समजेगा?"

साहेबांनी दोन थापा मारल्या. टेम्पो निघाला. ते हसले, लहान मुलासारखे, आणि मग मावशींकडे बघून त्यांचं हसू थांबलं. ते तिथे अडले. मी सांगते ना, मी डोळ्यांनी पाहिलं. सरांनी माझं पत्रक पुढे सरकवलं आणि पुण्याच्या अधिकाऱ्याला ते साहेबांना हिंदीत वाचून दाखवावं लागलं. तो शेवटच्या 'का?'पाशी आला आणि या वेळी तोही अडला.

करारात एक पान वाढलं. त्यावर तेरा नावं आणि एक वाक्य: हा खेळ जोवर चालेल तोवर ही नावं काढली जाणार नाहीत.

आम्ही जिन्यात एकमेकींना मिठ्या मारल्या. मी साहेबांची नक्कल केली, फोन तिरका धरून. सगळे हसले. सर हसले नाहीत. "त्याला हसू नकोस," म्हणाले. "तो का अडला ते शोध. बोट चुकत नाही." मालकाला हसायचंही नाही, याचा मला तेव्हा राग आला, आजही थोडा येतो. पण खेळ कंपनीच्या हवाली करण्याआधी त्यांनी त्यात एक गोष्ट वाढवली. थाप मारायला कुणी फार वेळ लावला, तर मागून आवाज येतो, "भरली ना गाडी? मग मारा की थाप." तो मावशींचा आवाज आहे. हंगाम सुरू झाला होता, म्हणून थंड खोलीत त्या स्वेटर घालून बोलल्या होत्या.

पुढचं थोडक्यात. ऑफिस नाशिकला कॉलेज रोडला गेलं, काचेचं झालं. खेळून बघायला माणसं लागेनाशी झाली. कोण कुठे अडतं ते आता आकड्यांत कळतं म्हणे. सर ठरल्याप्रमाणे दोन वर्षं राहिले आणि निघाले. मग नाशिकचं ऑफिसच मिटलं. निखिल बंगळुरूला गेला. मी संघटनेत आले.

मागच्या महिन्यात खेळाची नवी आवृत्ती आली. मी सवयीने शेवटची यादी उघडली. मंजुळामावशी आहेत. रशीदचाचा आहेत. मी आहे. तेराच्या तेरा. सरांचं नाव नाही.

तशीच उठून नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले. ते सोसायटीच्या पाण्याच्या नोटिशीचा कागद शेजारच्या आजोबांना देऊन समोर बसले होते, हातांवर. मी फोन दाखवला.

"हो," म्हणाले. "जे कामावर नाहीत त्यांची नावं नव्या आवृत्तीत निघतात. त्यांचा नियमच आहे."

"पण आमची राहिली."

"तुमचं पान वेगळं आहे ना करारात."

"आणि तुम्ही त्या पानावर का नाही?"

त्यांनी यादी पुन्हा एकदा खालपर्यंत पाहिली. "मी तेव्हा कामावर होतो. वाटलं, माझं येईलच." मग हळू आवाजात म्हणाले, "तो करार तिघांना वाचायला द्यायला हवा होता. राहून गेलं."

लग्नाची पत्रिका एसटी स्टँडवर तपासणारा माणूस स्वतःच्या नावाचा कागद न तपासता सही करून आला होता. मी म्हटलं, पत्रक काढते, कंपनीला सोडत नाही. त्यांनी मान हलवली. "गाडी निघाली ना?"

निघाली सर. पण मला हे पटलेलं नाही. ज्याने थाप ऐकली तोही गाडी भरणाऱ्यांतलाच, आणि कंपनीला मी पत्र पाठवलंय, पाठवत राहणार. हा मजकूरही त्याच भांडणासाठी लिहिलाय. त्यात त्यांचं नाव मी ठळक लिहिलं होतं. त्यांनी ते खोडायला लावलं. मी ऐकेना, तेव्हा म्हणाले, "नावाशिवाय कुणी अडतं का, ते आधी बघ."

मग सांगितल्याप्रमाणे तपासायला निघाले. पिंपळगावला मावशींच्या ओट्यावर नाव खोडलेला कागद त्यांच्या हातात दिला आणि समोर बसले, दोन्ही हात मांड्यांखाली. म्हटलं, नाव नाही म्हणून या अडल्या, तर कुणी काही म्हणो, नाव परत घालणार.

मावशींनी पहिली ओळ बोट ठेवून वाचली. खुर्चीवर. स्वतःच्या. तळहातांवर. मग बोट उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"अगं, हे आपले सरच की," त्या म्हणाल्या, आणि पुढे वाचायला लागल्या.